विश्लेषण : चिप कालबाह्य, मॅन्युअलची लिंक बंद… मग व्हर्च्युअल मशीन नक्कल कशाची करणार?

एखाद्या क्लाउड कंपनीकडून सर्व्हर भाड्याने घ्या आणि आतले हार्डवेअर तपासा. प्रोसेसर नवा दिसतो, पण चिपसेटच्या जागी बऱ्याचदा ‘इंटेल ४४०एफएक्स’ हे नाव झळकते. हा चिपसेट १९९६चा. तो बसवलेले मदरबोर्ड कधीच भंगारात गेले आहेत. क्लाउडवर दिसतो तो खरा चिपसेट नसून सॉफ्टवेअरने केलेली त्याची नक्कल आहे. ही नक्कल बरोबर की चूक, हे ठरवण्याचा मुख्य आधार म्हणजे त्या चिपचे मॅन्युअल. त्यामुळे ओपन सोर्स व्हर्च्युअलायझेशन सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांपुढे एक वरकरणी किरकोळ, पण डोकेदुखीचा प्रश्न कायम असतो : आपण कोणत्या मॅन्युअलच्या कोणत्या भागाच्या आधारे हे लिहिले, हे पुढच्या माणसाला कसे सांगायचे? आज दिलेला संदर्भ दहा वर्षांनी सापडेल का?

व्हर्च्युअल मशीन म्हणजे नेमके काय?

एका खऱ्या संगणकावर सॉफ्टवेअरच्या मदतीने चालवलेला दुसरा, आभासी संगणक म्हणजे व्हर्च्युअल मशीन. त्यावर चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमला आपण खऱ्या यंत्रावर आहोत असेच वाटले पाहिजे. जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग या संशोधकांनी १९७४ मध्येच यासाठीच्या अटी मांडल्या. त्यातली पहिली अट समतुल्यतेची होती. म्हणजे खऱ्या यंत्रावर प्रोग्राम जसा वागतो, तसाच तो आभासी यंत्रावरही वागला पाहिजे.

आज या क्षेत्रात दोन ओपन सोर्स नावे वारंवार ऐकू येतात. पहिले ‘क्यूईएमयू’. फॅब्रिस बेलार्ड या फ्रेंच प्रोग्रामरने ते २००३ मध्ये सुरू केले. प्रोसेसर, नेटवर्क कार्ड, डिस्क कंट्रोलर, टायमर अशा असंख्य भागांची नक्कल ते करते. दुसरे ‘केव्हीएम’. हा लिनक्स कर्नलचाच भाग असून तो फेब्रुवारी २००७ मध्ये कर्नलच्या २.६.२० या आवृत्तीत आला. प्रोसेसरमध्येच दिलेल्या व्हर्च्युअलायझेशनच्या सोयी तो वापरतो. अनेक ठिकाणी ही दोन्ही सॉफ्टवेअर जोडीने चालतात.

आपल्या फोनचा याच्याशी काय संबंध?

थेट संबंध आहे. फोनवरच्या ॲपचा मागचा कारभार बहुतेक वेळा कुठल्या तरी डेटा सेंटरमधल्या व्हर्च्युअल मशीनवर चाललेला असतो. ॲमेझॉनची ‘नायट्रो’ यंत्रणा आणि गुगलची क्लाउड सेवा या दोन्हींच्या मुळाशी केव्हीएम आहे. अँड्रॉइड ॲप बनवणारे डेव्हलपर ज्या एम्युलेटरवर चाचणी घेतात, तो क्यूईएमयूवर आधारलेला आहे. अँड्रॉइड १३ पासून तर काही फोनमध्येच केव्हीएमचा एक सुरक्षित अवतार आला आहे. थोडक्यात, ही नक्कल चुकली तर तिचा त्रास प्रयोगशाळेपुरता राहत नाही.

यात मॅन्युअल कुठे येते?

इंजिनीअरिंगच्या प्रॅक्टिकलला ८०८५चे किट वापरलेल्या प्रत्येकाला हे लगेच समजेल. चिपमध्ये ‘रजिस्टर’ नावाचे छोटे कप्पे असतात. कोणत्या कप्प्यातला कोणता बिट एक केला की काय घडते, हे मॅन्युअलमध्ये लिहिलेले असते. ड्रायव्हर लिहिणारा ते वाचून चिपला आज्ञा देतो. नक्कल करणाऱ्याचे काम याच्या उलट बाजूचे. आज्ञा आली की खऱ्या चिपने जे केले असते, ते त्याला सॉफ्टवेअरमध्ये घडवून आणायचे असते.

म्हणजे मॅन्युअल हा एक प्रकारचा करार आहे. एका बाजूला विंडोज किंवा लिनक्सचा ड्रायव्हर, दुसऱ्या बाजूला आभासी चिप. दोघे वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या काळात लिहिलेले. दोघांचे जमते, ते एकाच कागदावर विश्वास ठेवल्यामुळे.

क्यूईएमयूमधील ‘ई१०००’ हे आभासी नेटवर्क कार्ड घ्या. ते इंटेलच्या ८२५४०ईएम या चिपची नक्कल आहे. त्याच्या सोर्स कोडच्या सुरुवातीलाच इंटेलच्या ८२५४एक्स मालिकेच्या डेव्हलपर मॅन्युअलची लिंक दिलेली आहे. या कोडमधली एखादी ओळ विचित्र वाटली, तर ती चूक आहे की चिपचा स्वभावच तसा आहे, हे त्या मॅन्युअलशी ताडून पाहता येते. हा संदर्भ नसेल, तर नवा माणूस ती ओळ ‘दुरुस्त’ करून मोकळा होतो आणि दुसऱ्या दिवशी कुणाचे तरी नेटवर्क बंद पडते.

मग लिंक दिली की झाले ना?

इथूनच अडचण सुरू होते. लिंक हा संदर्भाचा सर्वांत नाजूक भाग आहे. चिप कंपन्या वेबसाइट बदलतात, विभाग बंद करतात, दुसऱ्या कंपनीत विलीन होतात. ‘फ्रीस्केल’ २०१५ मध्ये एनएक्सपीत गेली. ‘ॲटमेल’ २०१६ मध्ये मायक्रोचिपने घेतली. ‘सन मायक्रोसिस्टीम्स’ २०१० मध्ये ओरॅकलची झाली, तर ‘झायलिंक्स’ २०२२ मध्ये एएमडीची. सनची जुनी वर्कस्टेशन, फ्रीस्केलचे आय.एमएक्स बोर्ड, झायलिंक्सच्या झिंक मालिकेतील चिप या सगळ्यांची नक्कल क्यूईएमयूमध्ये आहे. म्हणजे नक्कल जिवंत आहे आणि मूळ कंपनीची पाटी उतरली आहे.

कंपनी तीच राहिली तरी पत्ता बदलू शकतो. आर्म कंपनीची मॅन्युअल अनेक वर्षे ‘इन्फोसेंटर’ नावाच्या साइटवर होती. नंतर ती कंपनीच्या डेव्हलपर साइटवर हलवली गेली. परिणामी क्यूईएमयूच्या सोर्स कोडमधल्या जुन्या लिंक शोधून बदलाव्या लागल्या. हे काम करण्यात कुणालाही हौस नसते, पण ते टाळताही येत नाही.

यावर उपाय काय?

लिंक हवीच, पण तिच्या जोडीला दस्तावेजाचे पूर्ण नाव आणि क्रमांक हवा. बहुतेक मोठ्या कंपन्या प्रत्येक मॅन्युअलला स्वतःचा क्रमांक देतात. क्यूईएमयूमध्ये आर्मच्या ‘कॉर्टेक्स-एम सिस्टीम डिझाइन किट’मधील टायमरची नक्कल आहे. तिच्या सुरुवातीच्या कॉमेंटमध्ये टेक्निकल रेफरन्स मॅन्युअलचे नाव आणि ‘डीडीआय ०४७९सी’ हा क्रमांक दिलेला आहे. शेवटचे ‘सी’ हे अक्षर आवृत्ती सांगते. उद्या लिंक मेली, तरी हा क्रमांक कोणत्याही सर्च इंजिनमध्ये टाकून दस्तावेज शोधता येतो.

झायलिंक्सचेच पाहा. झिंक-७००० चिपचे मॅन्युअल ‘यूजी५८५’ आणि झिंक अल्ट्रास्केल प्लसचे ‘यूजी१०८५’. कंपनीचे नाव बदलले, वेबसाइट बदलली, पण क्रमांक तेच राहिले. एएमडीच्या प्रोसेसर मॅन्युअलच्या दुसऱ्या खंडाचा प्रकाशन क्रमांक २४५९३ आहे, तर इंटेलच्या एकत्रित मॅन्युअलचा ३२५४६२. घर बदलले तरी सात-बाऱ्याचा गट क्रमांक तोच राहतो, तसेच हे आहे.

पान किंवा प्रकरण क्रमांक देऊन भागत नाही का?

नाही. उलट तो सर्वांत फसवा संदर्भ ठरू शकतो. तुटलेली लिंक निदान ‘मी तुटले आहे’ असे सांगते. जुना प्रकरण क्रमांक मात्र वाचणाऱ्याला गुपचूप भलत्याच ठिकाणी नेतो.

इंटेलचे सॉफ्टवेअर डेव्हलपर मॅन्युअल चार खंडांचे, सुमारे पाच हजार पानांचे आहे आणि वर्षातून अनेकदा सुधारले जाते. त्यात ‘व्हर्च्युअल मशीन कंट्रोल स्ट्रक्चर’ हे प्रकरण केव्हीएमसाठी कळीचे आहे. प्रोसेसरने व्हर्च्युअल मशीनमध्ये कधी शिरायचे आणि केव्हा बाहेर पडायचे, याची सगळी मांडणी या रचनेत असते. २००६च्या सुमारास हे प्रकरण विसावे होते. नंतर अनेक वर्षे ते चोविसावे होते. पुढे ते पंचविसावे झाले आणि चोविसाव्या जागी प्रास्ताविकाचे प्रकरण आले. आता कोडमध्ये कुणी फक्त ‘प्रकरण २४ पाहा’ असे लिहून ठेवले असेल, तर वाचणाऱ्याने काय समजायचे? कोणत्या वर्षीचे चोविसावे?

लिनक्सच्या मंडळींनी यावर काय तोडगा काढला?

इंटेल आणि एएमडी प्रोसेसरवरच्या केव्हीएमसाठी लिनक्स कर्नलच्या दस्तावेजांत मेंटेनरांनी स्वतंत्र नियमावली दिली आहे. मॅन्युअलचा संदर्भ कसा द्यावा, याचा त्यात वेगळा भाग आहे. त्याचा आशय असा : विभाग, तक्ता किंवा आकृती यांचे क्रमांक देऊ नका, विशेषतः कोडमधल्या कॉमेंटमध्ये तर नकोच. दोन्ही कंपन्यांच्या मॅन्युअलची मांडणी सतत बदलत असते. गरज असेल तर संबंधित मजकुराचा छोटा तुकडा द्या आणि विभागाचा उल्लेख त्याच्या नावाने करा.

या नियमावलीतला दुसरा मुद्दा अधिक विचार करायला लावणारा आहे. कोडमध्ये जागोजागी मॅन्युअलचे दाखले देत बसू नका, असेही ती सांगते. कारण साधे आहे. केव्हीएमने मॅन्युअलप्रमाणे वागायचे हे गृहीतच आहे. प्रत्येक ओळीवर ‘मॅन्युअल असे म्हणते’ लिहिले तर कोड वाचणेच कठीण होईल. मात्र एखादा बदल का केला, हे सांगणाऱ्या नोंदीत, म्हणजे चेंजलॉगमध्ये, मॅन्युअलचा दाखला जरूर द्या, असे ती म्हणते. तो बदल त्या दिवशीच्या मॅन्युअलवर बेतलेला असतो आणि नोंदीवर तारीखही असते. त्यामुळे तिथला दाखला शिळा होत नाही, तो इतिहास होतो.

म्हणजे संदर्भ कुठे द्यायचा, हाही संदर्भ देण्याचाच भाग आहे. कोडच्या सुरुवातीला मॅन्युअलचे नाव आणि क्रमांक. बदलाच्या नोंदीत नेमका मजकूर. आणि वापरकर्त्यांसाठीच्या दस्तावेजात, कोणत्या बोर्डचे कोणते भाग आपण साकारले आणि कोणते राहिले, याची यादी. क्यूईएमयूच्या रास्पबेरी पायसारख्या अनेक बोर्डांच्या पानांवर अशी यादी असते. मॅन्युअलमध्ये आहे, पण नकलेत नाही, हे आधीच कळले तर वापरणाऱ्याचे कित्येक तास वाचतात.

मॅन्युअलच चुकीचे असेल तर?

असेही घडते. रास्पबेरी पायच्या पहिल्या पिढीतील बीसीएम२८३५ चिपची २०५ पानांची माहितीपुस्तिका २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात इतक्या चुका निघाल्या की वापरकर्त्यांनी मिळून दुरुस्त्यांची स्वतंत्र यादीच तयार केली. ड्रायव्हर लिहिणारा फक्त मूळ पीडीएफ वाचून बसला तर त्याची फसगत ठरलेली. अशा वेळी संदर्भात पुस्तिका आणि दुरुस्तीयादी या दोन्हींचा उल्लेख हवा.

दुसरे उदाहरण आणखी गमतीचे. एक्स८६ प्रोसेसरमध्ये ‘बिट स्कॅन’ नावाच्या दोन सूचना आहेत. एखाद्या संख्येत पहिला किंवा शेवटचा ‘एक’ कुठे आहे, हे त्या शोधतात. संख्याच शून्य असेल तर? एएमडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिले होते की अशा वेळी उत्तराचा रजिस्टर आहे तसाच राहतो. इंटेलच्या मॅन्युअलने मात्र वर्षानुवर्षे ‘उत्तर अनिश्चित’ एवढेच म्हटले. नकलेत काय करायचे? इंटेलचे शब्द प्रमाण मानले, तर काहीही उत्तर दिले तरी चालेल. क्यूईएमयूच्या डेव्हलपरांनी रजिस्टर तसाच ठेवण्याचा मार्ग घेतला आणि कोडमध्ये कॉमेंट लिहून ठेवली. तिचा आशय असा, की मॅन्युअल उत्तर अनिश्चित म्हणते, पण प्रत्यक्ष हार्डवेअर ते बदलत नाही आणि काही प्रोग्राम त्यावर विसंबून असल्याचे दिसते.

ही कॉमेंट हा संदर्भलेखनाचा उत्तम नमुना आहे. मॅन्युअल काय म्हणते, हार्डवेअर काय करते आणि आम्ही कुणाचे ऐकले, या तिन्ही गोष्टी तीन ओळींत आल्या. ती नसती, तर कुणीतरी मॅन्युअल उघडून ‘हे काम अनावश्यक आहे’ म्हणून ते काढून टाकले असते आणि जुने प्रोग्राम बिघडले असते. ज्या ठिकाणी आपण मॅन्युअलपासून मुद्दाम दूर गेलो, तिथे संदर्भ सर्वाधिक गरजेचा असतो.

याचा सुरक्षेशी काही संबंध आहे का?

आहे. मे २०१५ मध्ये ‘व्हेनम’ नावाची त्रुटी जाहीर झाली. ती होती क्यूईएमयूमधील फ्लॉपी डिस्कच्या आभासी कंट्रोलरमध्ये. हा कोड २००४ पासून तिथे होता आणि क्यूईएमयूसोबतच झेन, केव्हीएम आणि व्हर्च्युअलबॉक्सच्या वापरकर्त्यांनाही त्याची झळ बसली. कंट्रोलरला आलेल्या आज्ञा एका ठरावीक आकाराच्या बफरमध्ये साठायच्या. काही आज्ञांनंतर त्या बफरची मोजणी वेळेवर शून्यावर येत नव्हती. त्यामुळे व्हर्च्युअल मशीनमधल्या वापरकर्त्याला बफर ओसंडून मूळ सर्व्हरपर्यंत घुसण्याची वाट मिळू शकत होती. फ्लॉपी कुणीही वापरत नव्हते, पण तिचा कंट्रोलर मात्र हजर होता.

मॅन्युअलचा नीट संदर्भ असता तर ही चूक झालीच नसती, असा दावा करता येणार नाही. पण ही घटना एक गोष्ट स्पष्ट करते. आभासी जगात जुनी उपकरणे मरत नाहीत. त्यांचा कोड पुन:पुन्हा तपासावा लागतो आणि तपासणाऱ्यापैकी अनेकांनी ते उपकरण आयुष्यात हाताळलेले नसते. त्याच्या हाती फक्त कागद असतो. तो कागद सापडलाच नाही, तर तपासणी म्हणजे अंदाज.

मग सगळी मॅन्युअल कोडसोबतच ठेवून का देत नाहीत?

स्वामित्वहक्कामुळे. प्रोग्राम ओपन सोर्स असला तरी चिपचे मॅन्युअल हे कंपनीच्या मालकीचे लेखन असते. ते वाचायला फुकट मिळते याचा अर्थ ते पुन्हा प्रसिद्ध करायला परवानगी आहे, असा होत नाही. क्यूईएमयूसारखे प्रकल्प ज्या परवान्याखाली कोड वाटतात, त्या परवान्याखाली दुसऱ्याचे पुस्तक वाटता येत नाही. म्हणूनच संदर्भ देणे भाग पडते.

काही मॅन्युअल तर गोपनीयतेच्या करारावर सही केल्याशिवाय मिळत नाहीत. अशा कागदाच्या आधारे लिहिलेला कोड बाकीच्यांना तपासता येत नाही. ‘मी वाचले आहे, विश्वास ठेवा’ एवढाच त्याचा आधार. ओपन सोर्सच्या मूळ कल्पनेलाच हे छेद देणारे आहे.

यातून काही वाटा निघाल्या आहेत. इंटरनेट अर्काइव्हच्या ‘वेबॅक मशीन’वर जुन्या पानांच्या प्रती सापडतात. ‘बिटसेव्हर्स’ हा संग्रह जुन्या संगणकांची मॅन्युअल स्कॅन करून जपतो. लिनक्सचे काही डेव्हलपर एएमडीचे दस्तावेज कर्नलच्या बगझिलावरील एका नोंदीला जोडून ठेवतात आणि बदलाच्या नोंदीत तिची लिंक देतात. कंपनीने पत्ता बदलला तरी ती लिंक टिकते.

भारतीय चिपच्या बाबतीत काय?

हा प्रश्न आता आपल्यालाही लागू होतो. आयआयटी मद्रासच्या ‘शक्ती’ प्रोसेसरची नक्कल क्यूईएमयूमध्ये आहे. ‘शक्ती-सी’ या नावाने ती मिळते. आर्टी ए७-१००टी या बोर्डवर आधारलेला हा ६४ बिटचा संदर्भ-प्लॅटफॉर्म आहे आणि क्यूईएमयूच्या अधिकृत दस्तावेजात त्याला स्वतंत्र पान आहे. हाती बोर्ड नसलेला सोलापूरचा किंवा नांदेडचा विद्यार्थीही भारतीय प्रोसेसरसाठीचा प्रोग्राम लॅपटॉपवर चालवून पाहू शकतो, तो यामुळेच. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकनेही ‘वेगा’ मालिकेतील प्रोसेसर विकसित केले आहेत. देशी प्रोसेसरना चालना देण्यासाठी केंद्राने एप्रिल २०२२ मध्ये ‘डीआयआर-व्ही’ कार्यक्रम जाहीर केला.

हे दोन्ही प्रोसेसर ‘रिस्क-फाइव्ह’ या खुल्या रचनेवर आधारलेले आहेत. या रचनेची मॅन्युअल क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली असून त्यांचा मूळ मजकूर गिटहबवर आहे. कोणता शब्द कधी बदलला, हे कुणालाही पाहता येते. व्हर्च्युअलायझेशनसाठीचा ‘हायपरव्हायझर’ विस्तार २०२१च्या अखेरीस मंजूर झाला. त्याचा संदर्भ देताना आवृत्ती क्रमांक दिला की नेमका मजकूर सापडतो, कारण जुन्या आवृत्त्या पुसल्या जात नाहीत.

पण रिस्क-फाइव्हचे मॅन्युअल फक्त प्रोसेसरच्या सूचनांपुरते असते. प्रत्यक्ष चिपवरचा टायमर, सिरियल पोर्ट, मेमरीची विभागणी यांचे दस्तावेज ज्याचे त्यानेच जपायचे असतात. देशी चिप बनवणाऱ्या संस्थांनी प्रत्येक दस्तावेजाला क्रमांक दिला, आवृत्ती लिहिली, जुन्या प्रती वेबसाइटवरून काढल्या नाहीत, तर वीस वर्षांनी त्यांच्यावर काम करणाऱ्याला कुणाचे उंबरे झिजवावे लागणार नाहीत. संस्थेची वेबसाइट नव्याने ‘सुंदर’ करताना जुने पीडीएफ गायब होणे आपल्याकडे काही नवलाचे नाही.

मॅन्युअल नसलेली उपकरणेही असतात का?

हो, आणि तिथे भूमिकांची अदलाबदल होते. क्यूईएमयूमध्ये काही उपकरणे अशी आहेत की ती खऱ्या जगात कधी अस्तित्वातच नव्हती. ‘एज्यु’ हे त्यातलेच. चेक प्रजासत्ताकातील मासारिक विद्यापीठात लिनक्स कर्नल शिकवताना विद्यार्थ्यांना ड्रायव्हर लिहिण्याचा सराव मिळावा, म्हणून ते तयार झाले. त्याचे मॅन्युअल म्हणजे क्यूईएमयूच्या दस्तावेजातले एक पान. चिप नाही, कंपनी नाही, त्यामुळे ते पान हाच अंतिम शब्द.

‘व्हर्टआयओ’चा व्याप याहून कितीतरी मोठा. व्हर्च्युअल मशीनसाठीच आखलेल्या डिस्क, नेटवर्क वगैरे उपकरणांचे हे मानक ‘ओएसिस’ ही संस्था प्रसिद्ध करते. १.० या आवृत्तीनंतर २०१९ मध्ये १.१ आणि २०२२ मध्ये १.२ आली. प्रत्येक आवृत्तीला स्वतंत्र पत्ता आहे आणि नवी आली म्हणून जुनी हटत नाही. आज क्लाउडवर याच मानकाची उपकरणे मोठ्या प्रमाणावर वापरली जातात. चिप कंपन्यांनी मॅन्युअल कशी जपावीत, याचा धडा न बनलेल्या चिपच्या मॅन्युअलने घालून दिला आहे!

चांगला संदर्भ लिहायचा तर काय लक्षात ठेवावे?

– मॅन्युअलचे पूर्ण नाव आणि कंपनीचे नाव लिहा. नुसते ‘डेटाशीटप्रमाणे’ म्हणजे काहीच नाही.

– दस्तावेज क्रमांक आणि आवृत्ती लिहा. लिंक मेल्यावर हेच दोन धागे उरतात.

– विभागाचा क्रमांक नको, त्याचे नाव लिहा. रजिस्टर किंवा बिटचे नाव मॅन्युअलमध्ये जसे आहे तसेच वापरा, म्हणजे पीडीएफमध्ये शोधले की सापडेल.

– लिंक द्या, पण शक्य असेल तर तिची अर्काइव्हमधली प्रतही नोंदवा.

– चिपच्या ज्ञात चुकांची यादी कंपनीने किंवा वापरकर्त्यांनी प्रसिद्ध केली असेल, तर तिचाही उल्लेख करा.

– मॅन्युअल आणि प्रत्यक्ष हार्डवेअर यांत फरक आढळला, तर तो कोणत्या हार्डवेअरवर तपासला ते लिहा.

– लांबलचक उतारे चिकटवू नका. गरजेपुरते एखादे वाक्य पुरे.

विद्यार्थ्यांसाठी यात संधी कोणती?

ओपन सोर्समध्ये काम करायची इच्छा असते, पण कर्नलचा कोड पाहून अनेकांचे हातपाय गळतात. त्यांच्यासाठी ही सोपी पायरी आहे. एखाद्या आभासी उपकरणाची फाइल उघडा. तिच्यातली लिंक चालते का पाहा. चालत नसेल, तर मॅन्युअलचा क्रमांक शोधा, नवा पत्ता तपासा आणि दोन ओळींची दुरुस्ती मेंटेनरकडे पाठवा. त्यासाठी फार मोठे प्रोग्रामिंग यावे लागत नाही. मात्र मॅन्युअल उघडून ते त्याच चिपचे आहे ना, आवृत्ती जुळते ना, हे स्वतः वाचून खात्री करावी लागते. एआय चॅटबॉटला विचारून मिळालेला दस्तावेज क्रमांक न तपासता पुढे पाठवणे म्हणजे मेंटेनरचा वेळ खाणे. दिसायला खरा, पण अस्तित्वात नसलेला संदर्भ तुटलेल्या लिंकपेक्षाही घातक असतो.

अशा दुरुस्तीची बातमी होत नाही. तिने मशीन वेगवान होत नाही की नवे फीचर मिळत नाही. पण पुढे कधीतरी कुणी मध्यरात्री बंद पडलेला सर्व्हर उघडून बसलेला असतो. समोरची ओळ चूक आहे की चिपच तशी होती, हे त्याला कळत नाही. अशा वेळी त्याला उत्तर मिळते ते फाइलच्या माथ्यावर कुणीतरी लिहून ठेवलेल्या मॅन्युअलच्या नावातून आणि क्रमांकातून.